वरण पातळ कुणी केलं?

पोस्ट मोठी आहे. पण विषय रोजच्या ताटाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा. आकडे पटले नाहीत तर स्वतःच्या किराण्याची वही काढा आणि ताडून बघा.

सध्या आपल्या भागातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच जातीचे व्हिडिओ फिरतायत. "शंभर रुपयांत चौघांचं पोटभर जेवण." ओटा ग्रॅनाइटचा, मागे दोन दारांचा फ्रीज, आणि ताई हसत हसत सांगतायत की बघा, किती सोप्पंय. हिशोबात अर्धा पाव डाळ, दोन बटाटे, एक जुडी मेथी. तेल, तिखट, मीठ, गॅस? ते "घरात असतंच". खाली कमेंटचा पाऊस. "जमतं हो, फक्त नियोजन पाहिजे." "यांना फुकटचं खायची सवय लागलीय." "रिचार्जला पैसे असतात, डाळीला नसतात." परवा तर बचत गटाच्या एका मेळाव्यात मंचावरच्या एका साहेबांनी समोर बसलेल्या बायांना अर्धा तास उपदेश केला, की बचतीची सुरुवात स्वयंपाकघरातून करा. समोर बसलेल्यांत निम्म्या बाया त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या. चहा-नाश्ता मात्र मंचावरच होता.

स्वस्त स्वयंपाकाबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट आपल्या मराठवाड्यासारखा स्वस्त आणि शहाणा स्वयंपाक दुसरीकडे शोधून दाखवा. घरात भाजी नसेल तर पिठलं. पीठही कमी असेल तर येसराची आमटी. पावसाळ्यात बांधावरचा तांदुळजा, घोळ, अंबाडी. थंडीत हुलग्याचे शेंगोळे. उरलेल्या भाकरीचा काला, शिळ्या पोळीचा कुस्करा, ताक आंबट झालं की कढी. मटकी रात्री भिजवून मोड आणले की पावशेराची परात भरते. हे सगळं आपल्या आया-आज्यांनी कुठल्याही व्हिडिओशिवाय केलं आणि आजही घराघरांत चालू आहे. आठवडी बाजारात संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा. उरलेले वाटे स्वस्तात लावले की तिथं कोण उभं असतं? नियोजन न येणारी माणसं अंधारात पिशवी घेऊन भाव उतरायची वाट बघत नसतात.

म्हणून माझा मुद्दा सरळ आहे. ज्या घराला काटकसर शिकवायला आपण निघालोय, ते घर काटकसरीच्या शेवटच्या पायरीवर कधीच पोहोचलंय. आता तिथं कापायला उरलीय ती डाळ. आणि ती कापली जातेय.

चला, हिशोब मांडू.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही सरकारचीच. तिने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरीच्या ताटासाठी माणशी रोज २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य, ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळ, ३०० मिली दूध, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलंय. मजुराला यापेक्षा जास्त लागतं, पोराला कमी. आपण चौघांच्या घराला सरासरी हेच धरू. भाव आपल्याच बाजारातले, ढोबळ. पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील.

धान्य महिन्याला ३० किलो. त्यातलं माणशी ५ किलोप्रमाणे २० किलो रेशनवर फुकट. उरलेली १० किलो ज्वारी ४० च्या भावानं ४०० रुपये.
डाळ १० किलो, १२० च्या भावानं १२०० रुपये.
भाजी ४८ किलो, ४० च्या भावानं १९२० रुपये.
दूध ३६ लिटर, ५० च्या भावानं १८०० रुपये.
शेंगदाणे चार किलोच्या वर, ५४५ रुपये.
तेल सव्वातीन किलो, ४८५ रुपये.
फळ म्हणजे केळीच धरा, १२ किलो, ६०० रुपये.

बेरीज ६९५० रुपये. माणशी १७३७. यात चहा-साखर नाही, तिखट-मीठ नाही, पाहुणा नाही, सण नाही, मटण-मासळी नाही. गॅसची टाकी ९०० धरली की ७८५० होतात.

आता मिळकत. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये आहे. महिन्यात २५ दिवस काम मिळालं (मिळत नाही, पण धरा), तर ७८०० रुपये. म्हणजे एका माणसाची सगळीच्या सगळी मजुरी सरकारच्याच ताटावर खर्च केली तरी पन्नास रुपये उसने आणावे लागतात. घरभाडं, लाइट बिल, दवाखाना, पोरांच्या वह्या, बसभाडं अजून बाकीच आहे.

कुणी म्हणेल, हा तुझा हिशोब. मग केंद्र सरकारचं घरगुती खर्चाचं सर्वेक्षण घ्या, २०२३-२४ चं. ग्रामीण भारतात सर्वांत खालच्या ५ टक्के लोकांचा महिन्याचा माणशी एकूण खर्च १६७७ रुपये आहे. एकूण म्हणजे खाणं, औषध, कपडे, प्रवास, सगळं मिळून. फुकट मिळालेल्या धान्याची किंमत त्यात धरलेली नाही, मीही माझ्या हिशोबात धरलेली नाही. म्हणजे या माणसांनी औषधाची एक गोळी न घेता, बसमध्ये एकदाही न बसता, आयुष्यभर फक्त जेवायचं ठरवलं, तरी पोषण संस्थेचं ताट त्यांना परवडत नाही. साठ रुपये कमी पडतात. या माणसाला तुम्ही नियोजन शिकवणार?

अजून एक साक्षीदार आणतो, तोही सरकारीच. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात, एक वाटी वरण. ग्राहकाला दहा रुपये. पण सरकारनं त्या थाळीची किंमत तेव्हा किती धरली होती? शहरात ५० रुपये, ग्रामीण भागात ३५ रुपये. वरची रक्कम अनुदान. म्हणजे २०२० साली, आजच्यापेक्षा स्वस्ताईच्या दिवसांत, घाऊक खरेदी करून साधं जेवण ३५ रुपयांच्या खाली बसत नाही, हे सरकारनं लिहून दिलेलं आहे. चार माणसं, दोन वेळा, ३५ रुपये: दिवसाला २८०, महिन्याला ८४००. शंभर रुपयांत चौघांचं जेवण करणाऱ्या ताईंनी एकदा मंत्रालयात जाऊन शिकवणी घ्यावी.

मग लोक जगतात कसे? ताट कापून जगतात. आणि कापायचा क्रम ठरलेला असतो. पहिलं फळ जातं, ते फक्त आजाऱ्याला आणि उपासाला. मग दूध, ते चहापुरतं उरतं. मग भाजी, म्हणजे बटाटा आणि जे उतरलंय ते. मग डाळीत पाणी वाढतं. वाटीभर डाळीत दोघांचं वरण व्हायचं, त्यात चौघांचं होतं, पाहुणा आला तर सहांचं. पोट भरतं कशानं? रेशनच्या तांदळानं. भात-वरण म्हणायचं, पण भातावर पिवळं पाणी. कापायच्या यादीत शेवटचं नाव माणसाचं असतं, आणि ते नाव तुम्हाला माहिती आहे. जी सगळ्यांना वाढून मग बसते, तिचं. तिच्या वाटणीला भांड्याच्या तळाचं येतं.

याचा निकाल कागदावर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय निघाला. पाच वर्षांखालच्या पोरांत ६८.९ टक्के. दर शंभरातली ३५ पोरं वयाच्या मानानं बुटकी. हे काय नियोजन न जमल्यामुळं झालं? निम्म्याहून जास्त बाया एकाच वेळी हिशोबात कच्च्या निघाल्या?

"महिन्याचा किराणा एकदम भरा, स्वस्त पडतो." हाही एक लाडका सल्ला. बरोबर आहे, पडतो. १५ लिटरच्या डब्यात तेल लिटरमागे स्वस्त, पाऊचमध्ये महाग, दहा-वीस रुपयांचं सुट्टं घेतलं तर सगळ्यात महाग. पण डब्याला दोन हजारांच्या वर रोकड एकदम लागते. ज्याची मजुरी संध्याकाळी हातात पडते, त्याचा किराणा संध्याकाळीच होतो. गरीब माणूस महाग घेतो, कारण तो थोडं घेतो. नाहीतर उधारीच्या वहीवर घेतो, आणि वहीवर भाव विचारायचा नसतो. हा दोष त्याच्या डोक्याचा नाही, त्याच्या खिशाच्या आकाराचा आहे.

आता "महिन्याला १५०० मिळतात की बायांना" म्हणणाऱ्यांसाठी. मिळतात, आणि मिळायलाच पाहिजेत. कित्येक घरांत त्याच पैशानं दुधाचा रतीब सुरू झालाय, हे मी बघितलंय. पण वरच्या हिशोबात नुसतं दूधच १८०० चं आहे. एका हातानं द्यायचं आणि दुसरा हात तेलाच्या बाटलीत घालायचा, हेही चालू असतं. सप्टेंबर २०२४ आठवा. ऐन सणात केंद्रानं खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर एकूण ५.५ टक्के होतं ते २७.५ झालं, रिफाइंडवर १३.७५ चं ३५.७५. कारण सांगितलं, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा. कारण चांगलं होतं. पण त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि आपल्या बाजार समित्यांमध्ये माल त्याच्या कितीतरी खाली गेला. म्हणजे शेतकरी म्हणून तुम्ही हरलात आणि गिऱ्हाईक म्हणूनही हरलात. एकाच घरात, एकाच महिन्यात. पुढं मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचं शुल्क खाली आणलं, तोवर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतची फोडणी महागातच बसली.

डाळीचंही तेच. आपण लातूर-उदगीरची माणसं. तूर आपल्या शिवारात, डाळ मिल आपल्या गावात, हमाल आपले, आणि वरण पातळ तेही आपलंच. २०२४-२५ ला तुरीचा हमीभाव क्विंटलला ७५५० होता. आयात शुल्काविना खुली ठेवलेली. नवी तूर बाजारात आली आणि भाव हमीभावाच्या खाली गेले. इथं मिलवाल्याला किंवा किराणावाल्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण खरं नाही. किलोभर डाळीला साधारण एक किलो चारशे ग्रॅमपर्यंत तूर लागते. हमीभावानं तूर घेतली तर डाळीचा नुसता कच्चा माल शंभरच्या पुढं जातो. शेतकऱ्याला दाम द्यायचा तर डाळ ८० रुपयांना मिळणार नाही, आणि ८० ला दिली तर शेतकरी मरतो. हा गुंता दुकानदार सोडवू शकत नाही आणि गृहिणीचं नियोजन तर मुळीच नाही. तो फक्त सरकार सोडवू शकतं: शेतकऱ्याकडून हमीभावानं घ्या, रेशनवर स्वस्तात द्या, मधला फरक तिजोरीतून भरा.

"हे शक्य नाही" म्हणणाऱ्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात.

एक, तामिळनाडू २००७ पासून रेशनवर स्वस्त तूरडाळ आणि पामतेल देतंय, डाळ ३० रुपये किलो आणि तेल २५ रुपये लिटर. तिथं पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, डाळ बंद झाली नाही. तूर पिकवणारे आपण, स्वस्त डाळ खाणारे ते.

दोन, आपल्याच देशात २०२० च्या एप्रिल ते नोव्हेंबर, टाळेबंदीच्या काळात, अन्नसुरक्षेच्या प्रत्येक रेशन कार्डाला महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा फुकट देण्याची योजना चालली. रस्ते बंद असताना डाळ वाटता आली. आता रस्ते चारपदरी झाले, आता का नाही?

तीन, आपल्याच राज्यात २०२२ च्या दिवाळीत "आनंदाचा शिधा" आला. शंभर रुपयांत रवा, साखर, हरभराडाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. म्हणजे दुकान आहे, ई-पॉस मशीन आहे, यादी आहे, पिशवीवर फोटो छापायची यंत्रणाही आहे. सण संपला की डाळ संपली. २०२५ च्या दिवाळीत तर तोही शिधा आला नाही. पोटाला काय फक्त दिवाळीलाच भूक लागते?

खर्चाचं म्हणाल तर ढोबळ हिशोब करा. राज्यात अन्नसुरक्षेची कार्डं दीड कोटीच्या आसपास धरा. कार्डामागे महिन्याला एक किलो डाळ, आणि तामिळनाडूसारखी ३० रुपयांना दिली तर किलोमागे ९० रुपये सरकारचे. महिन्याला १३५ कोटी, वर्षाला १६२० कोटी. रक्कम लहान नाही. पण ज्या राज्यानं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले, त्या राज्याला ती झेपत नाही असं कुणी सांगू नये. ते बंद करून हे द्या असं मी म्हणत नाही. बहिणीला पैसे द्या, आणि भाच्याच्या ताटात डाळही द्या.

भाच्यावरून आठवलं. सरकारचंही स्वतःचं एक "शंभर रुपयांचं" रील आहे, शाळेतलं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोरामागे, तांदूळ सोडून, डाळ-भाजी-तेल-मसाला-इंधन या सगळ्यासाठी दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. हा मे २०२५ पासूनचा वाढीव दर. त्या पैशात १२ ग्रॅम प्रथिनांचं जेवण बसवायचं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना कधी कुणी अर्थशास्त्राची पदवी दिली तर मी टाळ्या वाजवीन. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला होता. अंड्यामागे पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं तो निधी काढून घेतला आणि शाळांना सांगितलं, लोकसहभागातून द्या. आठवड्याचे पाच रुपये! आणि उपदेश मात्र बायांना, की बचतीची सुरुवात स्वयंपाकघरातून करा. सरकारनं तेच केलं की. फक्त स्वयंपाकघर पोरांचं निवडलं.

मला कळतं, वाचणाऱ्यांत बरेच जण म्हणतील, "रेशनचा तांदूळ विकतात लोक, मग डाळ कशाला?" विकतात काही जण, खरंय. पण का विकतात, ते विचारा. आपला भाग ज्वारी खाणारा. भाताची सवय सणापुरती. घरात तांदूळ साचतो, डाळीला पैसे नसतात, म्हणून तांदूळ देऊन डाळ-तेल आणतात. हाच माणूस जर दुकानदार असता तर आपण याला व्यवहारज्ञान म्हटलं असतं. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद पहिल्यापासून आहे, २०१३ च्या कायद्यात एक रुपया किलोचा दर लिहिलाय. ज्वारी हमीभावानं घ्या आणि दर महिन्याला इथंच वाटा, तांदूळ विकायची वेळच येणार नाही.

आता काम काय करायचं ते सांगतो, नुसतं लिहून काही होत नाही.

पहिलं, रेशनसाठी गावपातळीवर आणि तालुक्याला दक्षता समिती असते. आपल्या वॉर्डाच्या, गावाच्या समितीवर कोण आहे ते शोधा. शेवटची बैठक कधी झाली विचारा. मीही विचारणार आहे आणि मिळेल ते उत्तर इथंच टाकणार आहे.

दुसरं, येत्या ग्रामसभेत एक ओळीचा ठराव मांडा: रेशनवर दर महिन्याला डाळ, तेल आणि ज्वारी मिळावी. ठरावाची प्रत तहसीलदाराला आणि आमदाराला द्या, पोच घ्या. शंभर गावांचे ठराव गेले तर बातमी होते. ती छापायची जबाबदारी माझी.

तिसरं, शाळेत जाऊन बघा. आठवड्यातून एकदा, पोरं जेवायला बसायच्या वेळेला. वरणात चमचा घालून बघा, डाळ लागते का.

चौथं, तो व्हिडिओ पुन्हा ग्रुपवर आला तर खाली फक्त एवढंच विचारा: ताई, या शंभरात तेल आणि गॅस धरलाय का?

आणि साहेबांना एक नम्र विनंती. पुढच्या मेळाव्यात भाषणाऐवजी पेन घेऊन खाली बसा. समोरच्या कुठल्याही एका बाईला महिन्याचा हिशोब तोंडी सांगायला लावा आणि लिहून घ्या. कुठल्या दुकानात पाव किलो हरभराडाळ दोन रुपयांनी कमी, कुठल्या गुरुवारी कांदा उतरला, किती दिवस टाकी पुरवली, कुणाचे किती द्यायचे राहिले, सगळं तिला पाठ असतं. तुमच्या खात्याचं अंदाजपत्रक तुम्हाला तेवढं पाठ आहे का?

कमेंटमध्ये आपापल्या घरचा महिन्याचा डाळ-तेलाचा खर्च लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल, इनबॉक्समध्ये टाका. किती माणसं, किती डाळ, किती रुपये. पुढच्या आठवड्यात सगळे आकडे एकत्र करून तहसील कार्यालयात नेऊन देणार आहे. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर चूक दाखवा. पण "नियोजन करा" एवढं सांगू नका. नियोजन झालंय. डाळ नाहीये.